खासगी बाजारातलं ‘महाराजांचं इंजिन’ आणि त्याची ठिणगी

मंडळाच्या बैठकीत नावेचं एक जुनं इंजिन टेबलावर मांडलं होतं. ज्यांनी ते पाहिलं त्यातल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला : ग्वाल्हेरला नावेचं इंजिन आलं कुठून? प्रश्न रास्त आहे. स्वर्णरेखेला नदी म्हणायला हल्ली धाडस लागतं आणि समुद्र तर इथून शेकडो कोस लांब. दुसरा प्रश्न काही जणांनी हळूच विचारला : हे खरंच माधवराव महाराजांचं आहे का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं इंजिनाच्या एकाच भागात सापडली. तो भाग म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, आपल्याकडच्या मिस्त्रींच्या भाषेत ‘मॅग्नेट’. ती पुन्हा चालू करताना काय काय केलं, आणि मुख्य म्हणजे काय करायचं टाळलं, ते सविस्तर लिहा असं सगळ्यांनी सुचवलं, म्हणून हे टिपण.

इंजिन खासगी बाजारातल्या एका जुन्या मराठी घरातलं. मराठेशाहीच्या दरबारांत खासगी म्हणजे राजघराण्याचा स्वतःचा कारभार : त्यांची शेतं, त्यांचे कारखाने, त्यांचा खर्च. या घरातले पूर्वज दरबारी नोकरीत होते. माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेलं हे इंजिन ‘थोरल्या माधवराव महाराजांनी शिवपुरीच्या तलावावरून काढून आजोबांना बक्षीस दिलेलं’, असं घरात तीन पिढ्या सांगितलं जातं. आज घरात वडीलधारे असलेले काका ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांची इच्छा साधी होती. इंजिन एकदा चालताना ऐकायचं, आणि मंडळाच्या प्रदर्शनात महाराजांच्या नावाची पाटी लावून ठेवायचं.

आख्यायिका उगीच तयार होत नाही, हे आधी म्हटलं पाहिजे. माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांना यंत्रांचं वेड होतं. जयविलासच्या जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी सगळ्यांनी पाहिलेली आहे. दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे त्यांच्याच हौसेतून वाढली. पाण्याशीही त्यांचा संबंध होताच. तिघऱ्याचं धरण त्यांच्या काळातलं. विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे त्यावर बसवले होते. शिवपुरी ही उन्हाळ्याची राजधानी, आणि आईच्या नावाचा सख्यासागर तिथेच. पहिल्या महायुद्धात जखमींसाठी सज्ज केलेली ‘लॉयल्टी’ ही बोटही त्यांच्याशी जोडलेली. तीच पुढे ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची बोट म्हणून मुंबईहून लंडनला निघाली. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना माळ्यावरचं नावेचं इंजिन महाराजांचं न झालं तरच नवल.

आता इंजिनाकडे वळू. नावेच्या मागच्या फळीला बाहेरून शिकंज्याने अडकवायचं, खाली लांब नळी आणि तिच्या टोकाला पंखा, अशा या प्रकाराला आउटबोर्ड म्हणतात. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ पासून तो विकायला सुरुवात केली आणि तो जगभर पसरला. त्यामुळे माधवरावांच्या हयातीत असं इंजिन ग्वाल्हेर संस्थानात येणं अशक्य नव्हतं. पण आमच्यापुढे होतं ते इंजिन एव्हिनरूडचं नव्हतं. पेट्रोलच्या पितळी टाकीवरचा काळा थर रॉकेलच्या फडक्याने पुसला, तेव्हा ‘ब्रिटिश सीगल’ ही अक्षरं वाचता आली. इंग्लंडमध्ये सीगलची सुरुवात १९३१ मध्ये झाली. महाराज ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये वारले. सहा वर्षांचं हे अंतर कुठल्याही पाटीने भरून निघणारं नाही.

हे काकांना लगेच सांगितलं नाही. टाकी दुसऱ्या इंजिनाची असू शकते. जुन्या यंत्रांत अशी अदलाबदल सर्रास होते. शिवाय काळ ठरवायला टाकीपेक्षा चांगला साक्षीदार वर बसलेला होता : पितळी चाक, त्यावर ‘व्हिलियर्स’ हे नाव.

हे चाक म्हणजेच मॅग्नेटो. पेट्रोलचं इंजिन चालायला नेमक्या क्षणी ठिणगी लागते, आणि ठिणगीला हजारो व्होल्टचा दाब लागतो. मोटारीत त्यासाठी बॅटरी असते. नावेत, मोटारसायकलवर किंवा जुन्या विमानात बॅटरीचं ओझं आणि तिचा भरवसा दोन्ही नकोसे. मॅग्नेटो ही वीज स्वतः तयार करतो. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. तो इतका चांगला होता की १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनची पंचाईत झाली : विमानं आणि लॉऱ्या आपल्या, पण त्यांची ठिणगी शत्रूच्या कारखान्यातली. तिथल्या कंपन्यांनी घाईघाईने मॅग्नेटो बनवायला घेतले. वुल्व्हरहॅम्प्टनच्या व्हिलियर्सने १९२०च्या दशकात त्याचा सोपा अवतार काढला. वेगळा डबा नाही, इंजिनाच्या चाकातच लोहचुंबक बसवलेले. सायकलमोटार, गवत कापायचं यंत्र, पंप, नाव, सगळीकडे तेच चाक. आपल्याकडे १९६०च्या दशकात मद्रासच्या एनफिल्डने व्हिलियर्सची लहान इंजिनं वापरली, त्यामुळे लष्करातल्या जुन्या मिस्त्रींना हे चाक अनोळखी नाही. (लष्कर म्हणजे आपलं लष्कर, फौज नव्हे. बाहेरच्या वाचकांसाठी हा खुलासा.)

आतली रचना समजून घेतली तर पुढची दुरुस्ती कळेल. चाक फिरतं, आणि आत एक थाळी स्थिर असते. थाळीवर पत्र्यांच्या गाभ्याभोवती गुंडाळलेली कॉइल. तिच्यात दोन गुंडाळ्या : आतली जाड तारेची, थोड्या फेऱ्यांची, बाहेरची केसाइतक्या बारीक तारेची, हजारो फेऱ्यांची. चुंबक गाभ्यासमोरून जातात तेव्हा आतल्या गुंडाळीत प्रवाह येतो, पण तो फिरत राहायला वाट हवी. ती वाट म्हणजे पॉइंट : दोन छोटे संपर्क, एकमेकांना टेकलेले. प्रवाह जोरात असतानाच चाकाच्या मध्यावरचा उंचवटा पॉइंट उघडतो. वाट तुटते, गाभ्यातलं चुंबकत्व एकदम कोसळतं, आणि त्या धक्क्याने बाहेरच्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उसळतात. तीच प्लगवरची ठिणगी.

राहिला कंडेन्सर. याच्याबद्दल गैरसमज फार. पॉइंट उघडताना प्रवाहाला थांबायचं नसतं, तो उघडणाऱ्या फटीतूनही उडी मारू पाहतो. तशी उडी मारली तर दोन गोष्टी होतात : पॉइंट जळतात, आणि चुंबकत्व एकदम न कोसळता रेंगाळत उतरतं, म्हणजे ठिणगी मेली. कंडेन्सर हा प्रवाह क्षणभर स्वतःत सामावून घेतो. नळ झटकन बंद करताना पाणी कुठे तरी मुरावं, तसं काहीसं. म्हणून बिघडलेल्या मॅग्नेटोत पॉइंट काळे दिसले की लोक पॉइंट घासत बसतात, आणि खरा गुन्हेगार शेजारी तसाच बसलेला असतो.

चाक काढताना हातोडी लावायची नाही, हा पहिला नियम. ते दांड्याच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं असतं, आणि ठोकलं की दांडा वाकतो. व्हिलियर्सच्या मधल्या नटमध्येच ओढून काढायची सोय आहे. नट आधी सैल होतो, काही फेरे हलका फिरतो, मग पुन्हा घट्ट लागतो. इथे बरेच जण ‘अडकला’ म्हणून थांबतात. खरं तर दुसऱ्यांदा घट्ट लागल्यावरच तो चाकाला वर खेचायला लागलेला असतो. दोन दिवस डिझेल आणि तेलाचं मिश्रण मुरवलं, मग लांब पान्याने दाब दिला. टक् असा आवाज आला आणि चाक सुटलं. त्याआधी चाक आणि थाळी यांच्या जागांचे फोटो आणि खुणा केलेल्या होत्या, कारण ठिणगीची वेळ त्या जागांवरच ठरते.

सुटलेलं चाक उघडं ठेवायचं नाही. जुन्या पोलादी चुंबकांची ताकद आताच्या चुंबकांसारखी टिकाऊ नसते. समोर लोखंड नसलं की ती हळूहळू ओसरते. त्यामुळे चाक हातात आल्याबरोबर चुंबकांच्या टोकांवर मऊ लोखंडाची पट्टी आडवी लावून ठेवली आणि दुरुस्ती संपेपर्यंत काढली नाही. आमच्या चाकाची पकड मजबूत होती. गोणपाटात का होईना, पण चाक इतकी वर्षं आपल्या जागेवर बसून राहिलं, त्याचा हा फायदा.

आणि मग थाळी दिसली. माझ्या दृष्टीने सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच. कारखान्यातून निघालेली कॉइल कशी दिसते ते जुन्या पुस्तिकांच्या चित्रांत पाहिलेलं होतं. ही तशी नव्हती. तिच्यावर सुती फीत हाताने गुंडाळलेली होती, पदर थोडे तिरके, वरून ब्रशने दिलेलं गडद वार्निश, त्यात अडकलेला ब्रशचा एक केससुद्धा. शेवटची गाठ दोऱ्याची. प्लगकडे जाणारी तार प्लॅस्टिकच्या आवरणाची होती. असं आवरण दुसऱ्या महायुद्धानंतरच सगळीकडे रुळलं, आधी रबर आणि कापड असायचं. पॉइंटच्या हलणाऱ्या तुकड्याची टाच मूळ फायबरची नव्हती, जाड तपकिरी बेकेलाइटमधून कानशीने कापलेली होती. कानशीचे ओरखडे भिंगातून स्पष्ट दिसत होते.

म्हणजे कुणीतरी ही यंत्रणा नीट समजून, साधनं नसताना, हाताने पुन्हा उभी केली होती. आणि ते महाराजांच्या काळात नव्हे. महायुद्धानंतर, बहुधा संस्थान १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन होऊन गेल्यावर.

दौलतगंजाच्या बाजूला मोटरी आणि पंप गुंडाळणारे एक वाइंडिंगवाले आहेत, त्यांना कॉइल दाखवली. त्यांनी भिंग लावलं नाही, फक्त अंगठा फिरवला. “भाईसाहब, ये कंपनी का काम नहीं है. किसी अच्छे हाथ का है.” आतली गुंडाळी मीटरवर ठीक होती, एक ओमच्या आतबाहेर. बाहेरच्या गुंडाळीत मात्र वाटच नव्हती. तार कुठे तरी तुटली होती. इथे दोन रस्ते होते. सरळ रस्ता : सगळं कापून टाकायचं आणि नव्या एनॅमल तारेने गुंडाळायचं. ते काम त्यांनी दोन दिवसांत केलं असतं आणि ठिणगी कदाचित आणखी चांगली पडली असती. पण त्या सुती फितीखाली जो हात होता, त्याचा एवढाच पुरावा या शहरात शिल्लक आहे. कापल्यावर तो परत येणार नव्हता.

म्हणून आधी बाहेरचं टोक तपासायचं ठरलं. बारीक तार जाड टोकाला जिथे डाग देऊन जोडलेली असते, तिथे ती सगळ्यात आधी तुटते. आम्लाचा फ्लक्स वापरला असेल तर वर्षानुवर्षं तो तार खात राहतो. फितीचा शेवटचा पदर थोडा ऊब देऊन उचलला. आत हिरवट बुरशीसारखं साचलेलं, आणि तार त्यातच संपलेली. एक फेरा उलगडून चांगली तार मिळाली, राळेच्या फ्लक्सने नवा डाग दिला, फीत जुन्याच घडीवर परत बसवली. मीटरवर काही हजार ओम आले. वाइंडिंगवाल्यांनी या कामाचे पैसे घेतले नाहीत. माझ्या मते घ्यायला हवे होते.

इतकी वर्षं माळ्यावर पडलेल्या कॉइलमध्ये ओल असते, आणि ओल्या कॉइलला पूर्ण दाब दिला की ती आतून फुटते. यावर ग्वाल्हेरइतकं चांगलं औषध दुसरीकडे नसेल. मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात घालून तिला गच्चीवर आठवडाभर ठेवलं, रात्री घरात घेत होतो. नंतर पातळ वार्निशचा एक हात.

कंडेन्सर मात्र वाचला नाही. साध्या मीटरवर तो निर्दोष दिसत होता, कारण साधा मीटर काही व्होल्टच लावतो. पॉइंट उघडताना त्याच्यावर शे-दोनशे व्होल्ट तरी येतात, म्हणून मेगरवर तपासायला हवं. ५०० व्होल्टच्या मेगरवर त्याने लगेच हात टेकले. नवा म्हणून ०.२२ मायक्रोफॅरॅडचा, १००० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर घेतला. तो जुन्याच्या जागी न बसवता थाळीच्या मागे, दिसणार नाही असा बांधला. जुना कंडेन्सर त्याच्या स्क्रूवर तसाच आहे, फक्त त्याची तार सोडवलेली आहे. उद्या कुणाला माझं काम नको वाटलं तर दोन डाग सोडवले की इंजिन आम्हाला मिळालं तसं होईल.

पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही काढून इलेक्ट्रॉनिक तुकडा बसवण्याचा सल्लाही मिळाला. रोज मासेमारीला जाणाऱ्या माणसाने तो जरूर घ्यावा. आमच्या इंजिनात बेकेलाइटची ती टाच पुन्हा उंचवट्यावर चालणं हाच मुद्दा होता. पॉइंट फक्त अगदी बारीक कानशीने समपातळीत आणले, मग कोऱ्या कडक कागदाची पट्टी मध्ये धरून ओढली, ती पांढरी निघेपर्यंत. पॉलिश पेपरचे कण संपर्कात रुततात, ते टाळलेलं बरं. सीगलच्या पुस्तिकेतली फट ०.०२० इंच, म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमीटर, ती फिलर गेजने लावली. प्लग जुन्या १८ मिलिमीटर आट्यांचा होता. तो धुऊन, वाळवून तोच ठेवला. प्लॅस्टिकची तार तडकलेली होती, ती बदलली आणि काढलेली जपून ठेवली. नवी तार तांब्याच्या गाभ्याची घेतली. हल्लीच्या मोटारींची कार्बनची तार इथे चालत नाही, आधीच बेताची असलेली ताकद ती वाटेतच खाते.

एक सूचना, कुणी घरी करून पाहणार असेल तर. प्लगची तार मोकळी लोंबत ठेवून चाक कधी फिरवू नका. दाबाला बाहेर वाट मिळाली नाही की तो कॉइलच्या आतच वाट शोधतो, आणि मग गुंडाळण्याशिवाय इलाज राहत नाही. प्लग काढून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून ठेवा, मगच दोरी ओढा. पेट्रोल तेव्हा जवळपास नको.

आम्ही तसंच केलं. भर दुपारी काही दिसेना, म्हणून काकांच्या माजघरात दार लावून अंधार केला. तिसऱ्या ओढीला निळी ठिणगी दिसली. काकांनी ती पुन्हा दाखवायला लावली, मग पुन्हा.

तेव्हा त्यांना तारखा सांगितल्या. १९२५, १९३१, प्लॅस्टिकची तार, हाताने गुंडाळलेली कॉइल. ते बराच वेळ चाकाकडे बघत होते. “म्हणजे आजोबांनी थाप मारली म्हणायची?”

“तसं नाही काका. इंजिन जिवाजीराव महाराजांच्या काळातलं असू शकतं. किंवा बाजारातून घेतलेलंही असेल. दरबाराशी याचा संबंध नव्हता असं मी म्हणत नाही. माधवराव महाराजांचं नव्हतं, एवढंच म्हणतो.”

“आणि हे गुंडाळलं कुणी?”

त्याचं उत्तर कागदोपत्री नाही. पण प्रश्न विचारल्यावर काकांनाच एक गोष्ट आठवली, जी घरातल्या बक्षिसाच्या गोष्टीत कधी आली नव्हती. त्यांचे वडील नोकरी गेल्यावर घरातच रेडिओ आणि पंखे दुरुस्त करत. माजघरात वार्निशचा वास असे आणि आई त्यावरून कटकट करी. मी याला पुरावा म्हणत नाही. वार्निश त्या काळी गावात अनेकांकडे होतं. काकांच्या तोंडून ऐकलेलं म्हणून तारखेसह मंडळाच्या वहीत नोंदवलं आहे, आणि ‘स्मृती, पडताळणी बाकी’ असा शेरा मारला आहे.

इंजिन चालवलं ते वाड्याच्या चौकात, पाण्याने भरलेल्या पिंपात. सीगल पाण्याने थंड होते, पंखा आणि पंप बुडालेले नसले तर ती चालवू नये. कुणी तरी सख्यासागरावर न्या म्हणालं. पण तो तलाव आता माधव राष्ट्रीय उद्यानात आहे आणि तिथे मगरी आहेत. त्यांची शांतता मोडायचं आम्हाला काही कारण नव्हतं. पेट्रोलमध्ये जुन्या प्रमाणाप्रमाणे दहास एक तेल घातलं. इतक्या तेलाचा धूर किती होतो ते शेजारच्या तीन घरांना कळलं, आणि त्यांनी ते आम्हाला कळवलं. इंजिन चार मिनिटं चाललं. गरम झाल्यावर जुनी कॉइल दगा देते, म्हणून बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला लागलं.

प्रदर्शनातल्या पाटीचा मजकूर काकांच्या संमतीने असा ठरला : ‘ब्रिटिश सीगल आउटबोर्ड इंजिन, व्हिलियर्स मॅग्नेटोसह. १९३१ नंतरचे. कॉइल व पॉइंट यांची दुरुस्ती दुसऱ्या महायुद्धानंतर, हाताने केलेली; कारागीर अज्ञात. खासगी बाजार, लष्कर.’ महाराजांचं नाव पाटीवर नाही. घरातली आख्यायिका शेजारच्या वेगळ्या कागदावर, आख्यायिका म्हणूनच, काकांच्या शब्दांत दिलेली आहे. काढलेली तार आणि हिरवा पडलेला डाग एका लहान काचेच्या बरणीत इंजिनाजवळच ठेवला आहे. पाहायला याल तेव्हा भिंग मागून घ्या, कानशीचे ओरखडे त्याशिवाय दिसत नाहीत.